बाबांना चालू खाण बघायची होती

बाबा छत्तीस वर्षं चंद्रपूरच्या भुयारी खाणींत होते, शेवटची काही वर्षं ओव्हरमन, म्हणजे पाळीवरचे पर्यवेक्षक. नॉर्वेला जायचं ठरलं तेव्हा मी त्यांना फ्योर्ड दाखवले, रेल्वे दाखवली, नॉर्दर्न लाइट्स दाखवले. त्यांनी सगळं पाहिलं आणि नकाशाच्या वरच्या टोकाला बोट ठेवलं. "इथं कोळसा आहे ना? मग इथं जाऊ." आई आली नाही. थंडी पैसे देऊन विकत घ्यायची नसते, असं तिचं म्हणणं.

बोट होतं स्वालबार्डवर, ७८ अंश उत्तरेला. बेटांच्या या समूहातली नॉर्वेची शेवटची खाण, 'सात नंबर', ३० जून २०२५ला बंद झाली आणि आम्ही पोचलो ऑगस्टमध्ये. महिना-दीड महिन्याने हुकलो, असं मला वाटलं. बाबांनी तोवर माहिती काढली होती. बारेन्ट्सबर्गची रशियन खाण अजून चालू होती, आणि त्यांना तीच बघायची होती.

आधी व्हिसाचं सांगते, कारण तिथे चुकलात तर पुढचं वाचून उपयोग नाही. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या पट्ट्यात, येत नाही. तिथे जायला वेगळा व्हिसा लागत नाही, पण ऑस्लोहून विमानात बसलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता. म्हणजे दोन किंवा जास्त प्रवेशांचा शेंगेन व्हिसा हवाच. आमच्या एजंटाने अर्जात 'सिंगल एंट्री'वर खूण केली होती. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, नॉर्वेच आहे ना सगळं?" अर्ज जमा व्हायच्या आदल्या दिवशी माझी नजर गेली म्हणून वाचलो, नाहीतर परतीला ऑस्लोच्या खिडकीपाशी अडकलो असतो. फॉर्म स्वतः वाचा. प्रवासाच्या आराखड्यात स्वालबार्डचं नाव आणि तारखा ठळक लिहा, म्हणजे दोन प्रवेश कशाला हवेत हे वेगळं समजवावं लागत नाही.

ऑस्लोहून तीन तास, ट्रोम्सोहून दीड. विमानतळ समुद्राला लागून आहे, आणि बाहेर पडताच पांढऱ्या अस्वलाचा तो त्रिकोणी फलक. त्यावर लिहिलंय, 'संपूर्ण स्वालबार्डला लागू'. गंमत म्हणून फोटो काढतात सगळे, पण इशारा खराच आहे. वस्तीच्या बाहेर बंदूकवाल्या गाइडशिवाय जायचं नाही. २०२५पासून अस्वलापासून ३०० मीटर, आणि मार्च ते जून ५०० मीटर लांब राहण्याचं बंधनही आलंय. अस्वल दिसावं म्हणून जाऊ नका. आम्हाला दिसलं नाही, आणि बाबांना त्याचं दुःख झालं नाही.

लाँगइयरब्येन हे इथलं मुख्य गाव, अडीच हजारांच्या आसपास वस्तीचं. हे नाव अमेरिकन आहे. जॉन मन्रो लाँगइयर नावाच्या माणसाच्या कंपनीने १९०६मध्ये इथे खाण काढली, १९१६मध्ये ती 'स्टोर नोर्श्के' या नॉर्वेजियन कंपनीला विकली, आणि मग अनेक दशकं हे कंपनीचंच गाव राहिलं. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं. बाबांना हे समजावून सांगायची गरज पडली नाही, त्यांचा जन्म कॉलनीतच गेला.

डोंगराच्या दोन्ही कुशींवर जुन्या खाणींची लाकडी तोंडं लटकल्यासारखी दिसतात. त्यांच्यापासून समुद्राकडे लाकडी खांबांची रांग उतरत जाते. ही रोपवे. बादल्यांतून कोळसा धक्क्यावर जायचा. आता बादल्या नाहीत, खांब ठेवलेत, कारण १९४६च्या आधीची माणसाच्या हातची प्रत्येक वस्तू इथे वारसा म्हणून आपोआप संरक्षित आहे. गंजलेला खिळा उचलून खिशात टाकला तरी गुन्हा. मुलं बरोबर असतील तर आधीच बजावून ठेवा.

दुसरी एक गोष्ट आधी कळली असती तर बरं झालं असतं. हॉटेल असो, संग्रहालय असो, दारातच बूट काढायचे. खाणकामगार कोळशाची पूड घरभर आणू नयेत म्हणून पडलेली ही रीत, खाणी गेल्यावरही टिकून आहे. आपल्याला ती नवी नाही, पण आपण मोज्यांचा विचार करत नाही. माझ्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं आणि मी तीन दिवस पाय मुडपून बसत होते. चांगले लोकरी मोजे आणि आत घालायच्या सपाता घेऊन जा.

आम्ही राहिलो न्यूब्येन भागात, दरीच्या वरच्या टोकाला, कामगारांच्या जुन्या बराकींत. आता ती गेस्टहाउसं आहेत. स्वस्त म्हणतात, म्हणजे बाकीच्यांच्या मानाने. गावात चालत जायला अर्धा तास, येताना चढ. वयस्कर माणूस बरोबर असेल तर थोडे जास्त पैसे मोजा आणि खालीच राहा. खाण्याचंही तसंच. एका वाटीभर सूपचे दीड हजार रुपये झाले तेव्हा बाबांनी रुपयांत हिशेब करू नकोस असा हुकूम सोडला. गावातल्या मोठ्या दुकानात ब्रेड, फळं, डाळीचे डबे सगळं मिळतं आणि बराकीत स्वयंपाकघर असतं. मी भाजलेले पोहे, मेतकूट आणि उपम्याची पाकिटं नेली होती. तूप, पेढे, दुधाचं काही नेऊ नका, नॉर्वेच्या कस्टममध्ये भारतातून आणलेलं चालत नाही.

आता तीन नंबर. ही खाण १९९६मध्ये बंद झाली आणि ती आतून दाखवतात. अंगावर खाणीचा डगला, डोक्यावर हेल्मेट, कमरेला बॅटरी. बाबांनी बॅटरीचा पट्टा मागून न बघता एका हाताने अडकवला, तेव्हा गाइड मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिथून पुढे ती निम्मं त्यांनाच सांगत होती.

आत शिरताच बाबा थांबले. "पाणी कुठंय?" आपल्याकडच्या भुयारी खाणीत वरून पाणी टपकत असतं, रात्रंदिवस पंप चालतात, आणि अंगाला घाम चिकटलेला. इथे जमीनच गोठलेली. भिंतीवर बर्फाचे बारीक स्फटिक, हवा कोरडी, उन्हाळ्यातही तापमान शून्याखाली. मग त्यांनी विचारलं थर किती जाडीचा. गाइडने गुडघ्याच्या जरा वर हात धरला. साठ-सत्तर सेंटिमीटर. माणसं कुशीवर आडवी होऊन, सरपटत, आठ-आठ तास काम करायची. आमच्याकडे वर्धा खोऱ्यात थर दहा-पंधरा मीटर जाडीचा, उभ्याने काम करून वर छत दिसत नाही. तिने हौशी लोकांना त्या फटीत सरपटायला दिलं. मी गेले, दोन मीटर, आणि उलटी फिरून बाहेर आले. छत छातीला लागतंय आणि मान वळवता येत नाही, एवढंच आठवतं. बाबा गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. नंतर रस्त्यावर म्हणाले, "एवढ्याशा कोळशासाठी एवढं कोण करेल?"

त्याच खाणीत एका बाजूला लोखंडी दारामागे १९८४पासून नॉर्डिक देशांची बियाणी साठवलेली होती. गोठलेला डोंगर म्हणजे फुकटचा फ्रिज. त्यातूनच २००८मध्ये जवळच डोंगरात जगभरच्या बियाण्यांची ती प्रसिद्ध तिजोरी उघडली. तिथे आत जाता येत नाही, फक्त डोंगरातून बाहेर आलेलं काँक्रीटचं दार बघायचं. तरी गेलो, कारण हैदराबादच्या इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेने आपली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा तिथे ठेवलाय. बाबांनी दारासमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि गावी काकाला पाठवला. काकाचं उत्तर आलं: 'परत देतात का?'

गावाचं वीजघर विमानतळाच्या वाटेवरच आहे. ऑक्टोबर २०२३पर्यंत ते सात नंबरच्या कोळशावर चालायचं, तेव्हापासून जहाजाने आणलेल्या डिझेलवर. पर्यावरणाच्या हिशेबात ते बरोबर असेल. पण पायाखाली कोळसा असताना हजार किलोमीटरवरून डिझेल आणणं बाबांच्या पचनी पडलं नाही, ते उरलेल्या प्रवासात ज्याला-त्याला विचारत राहिले. गाव मात्र कोळशावाचून अडलेलं नाही. १९९३पासून विद्यापीठ केंद्र आहे, संशोधक आहेत, उन्हाळ्यात क्रूझची जहाजं आणि वसंतात स्नोमोबाइलवाले. त्रास दुसरीकडून येतोय. डिसेंबर २०१५मध्ये डोंगरावरून हिमकडा कोसळला, अकरा घरं गेली, दोन जीव गेले. गावावरच्या उतारांवर आता आडवे कठडे दिसतात, ते त्यानंतरचे.

बारेन्ट्सबर्गला रस्ता नाही. पन्नासेक किलोमीटर अंतर, उन्हाळ्यात फक्त बोट, जाऊन-येऊन अख्खा दिवस. आणि इथे एक निर्णय तुम्हाला घ्यावा लागेल. युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून लाँगइयरब्येनच्या बऱ्याच कंपन्यांनी तिथे माणसं उतरवणं बंद केलंय, कारण खाण, हॉटेल, दुकान सगळं 'आर्क्तिकउगोल' या रशियन सरकारी ट्रस्टचं. काही बोटी नुसतं समुद्रातून दाखवून परततात, मोजक्या उतरवतात. बुक करताना विचारून घ्या, माहितीपत्रकात हे बारीक अक्षरांत असतं. मला जाऊ नये असंच वाटत होतं. बाबांना खाण बघायची होती. शेवटी ठरलं की जायचं, पण तिथे पैसा खर्च करायचा नाही. ते पाळणं सोपं गेलं, आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं तिथे चालतच नाहीत. रोख क्रोनर नेले असते तर मोह झाला असता.

सकाळी समुद्र गुळगुळीत होता. वाटेत किनाऱ्यावर ग्रुमांतची पडकी इमारत दिसते, हीही सोव्हिएत खाण, साठच्या दशकात बंद पडली. मग ग्रीनफ्योर्डमध्ये वळलो आणि आधी धूर दिसला. वीजघराच्या चिमणीतून काळसर, आळसावलेला, वाऱ्यावर आडवा पडलेला धूर. डेकवरच्या जर्मन बाई नाक मुरडून आत गेल्या. बाबा कठड्याला धरून उभे राहिले. "वास आला," म्हणाले. चंद्रपूरला दुर्गापूरच्या वाटेवर येतो तोच वास.

धक्क्यावर कोळशाचा ढीग, क्रेन, आणि तिथून वर गावात जाणारा लांबच लांब लाकडी जिना. बाबांनी पायऱ्या मोजायला घेतल्या आणि शंभराच्या पुढे दम लागून सोडून दिल्या. गुडघेदुखी असेल तर बोटीवरच्या माणसाला आधी सांगा, कधी गाडीची सोय होते, कधी नाही.

वर एकच मुख्य रस्ता. त्यावर लेनिन, त्याच्या मागे 'आमचं ध्येय साम्यवाद' अशी रशियन पाटी, डोंगरावर मोठ्या अक्षरांत 'जगाला शांती'. शाळेच्या भिंतीवर चित्रं, शेजारी नव्याने रंगवलेल्या इमारती, आणि त्यामागे खिडक्या फुटलेल्या जुन्या. सगळे लेनिनचा फोटो काढतात, मीही काढला. खरी थांबण्याची जागा आहे ते छोटं लाकडी चर्च. २९ ऑगस्ट १९९६ला मॉस्कोहून खाणकामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन येणारं विमान लाँगइयरब्येनला उतरताना ओपेरा डोंगरावर आदळलं. १४१ जण होते, एकही वाचला नाही. हे चर्च त्यांच्याच आठवणीचं. पुढच्याच वर्षी खाणीत स्फोट होऊन २३ माणसं गेली. हजाराहून जास्त वस्तीचं गाव होतं हे. आता तीनशेच्या आसपास. कामगार पूर्वी बहुतेक युक्रेनच्या दोनबासमधून यायचे, त्या कोळसापट्ट्यातले, म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक एकाच पाळीत. त्यावर मी गाइडला विचारलं. त्याने हवामानाबद्दल सांगितलं.

हे गाव खरं तर डचांनी वसवलं. नावही विलेम बारेन्ट्सचं, ज्याने १५९६मध्ये ही बेटं पाहिली. डच कंपनीने १९३२मध्ये ते सोव्हिएतांना विकलं. १९४१मध्ये दोस्त राष्ट्रांनी माणसं हलवली, १९४३मध्ये जर्मन युद्धनौकांनी जाळलं, युद्धानंतर पुन्हा बांधलं. आणि हे सगळं शक्य झालं १९२०च्या करारामुळे. बेटं नॉर्वेची, पण सह्या करणाऱ्या देशांच्या नागरिकांना इथे धंदा करायचा सारखाच हक्क. त्या कराराखाली तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानाच्या वतीनेही सही आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे आपणही इथं खाण काढू शकलो असतो. शकलो असतो. आपण काढलं ते संशोधन केंद्र, 'हिमाद्री', २००८मध्ये, न्यू-ओलेसुंदला. तेही एके काळचं खाणगाव. १९६२मध्ये तिथे २१ कामगार मेले आणि त्यावरून पुढच्या वर्षी नॉर्वेचं सरकार पडलं, मग खाणही बंद झाली. तिथे सहज जाता येत नाही, काही क्रूझ थांबतात तेवढंच.

चालू खाणीत पर्यटकांना नेत नाहीत. बाबांना हे मी आधी सांगितलं होतं, तरी ते खाणीच्या इमारतीसमोर थांबले. गाइड पुढे निघाला, मी मध्ये अडकले. तेवढ्यात पाळी सुटली. सहा-सात माणसं बाहेर आली, हेल्मेट काखेत. चेहरे धुतलेले, पण पापण्यांच्या कडेला कोळसा राहिलेला, काजळ घातल्यासारखा. तो साबणाने निघत नाही. लहानपणी बाबांच्या डोळ्यांत हेच काजळ असायचं आणि शाळेतल्या मुली मला चिडवायच्या. बाबांनी एकाला हात केला. मग हाताने विचारलं, थर किती? त्या माणसाने छातीपाशी हात धरला. बाबांनी मान हलवली, म्हणजे बरा आहे. त्याने दुसऱ्या हाताने बाबांकडे बोट केलं, तुझा? बाबांनी हात डोक्यावर नेला आणि वर, आणखी वर दाखवला. सगळे हसले. त्याचा विश्वास बसला नसणार.

परत धक्क्याकडे उतरताना बाबा ढिगाकडे बघत होते. ही खाण पैशांत परवडत नाही, रशियन सरकार पदरचं घालून चालवतं, हे मी त्यांना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, "इथं कोळसा नाही काढून राहिले बाई. हजेरी लावून राहिले." मला वाटतं बाबांचं खरं आहे, आणि ते दोन्ही बाजूंना लागू आहे. नॉर्वेनेही सात नंबर इतकी वर्षं निव्वळ नफ्यासाठी चालवली नसणार. फरक एवढाच की नॉर्वेला हजेरी लावायला आता विद्यापीठ आणि हॉटेलं पुरतात.

येताना वारा सुटला. दोन तास बोट डावी-उजवी करत होती आणि गोळी घ्यायची मी विसरले होते. तुम्ही सकाळीच घ्या, समुद्र गुळगुळीत दिसला तरी. दुसऱ्या दिवशीची पिरामिडेनची बोट वाऱ्याने रद्द झाली, तिसऱ्या दिवशी निघाली. आम्ही एक दिवस मोकळा ठेवला होता म्हणून जमलं. बोटीची सहल परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कधीच ठेवू नका.

पिरामिडेनबद्दल इंटरनेटवर भरपूर आहे, मी थोडक्यात आवरते. १९९८मध्ये बंद झालेली सोव्हिएत खाण, रिकामं गाव, जगातला सर्वांत उत्तरेकडचा लेनिन, सभागृहात जुना पियानो. एकट्या पुरुषांच्या इमारतीला लंडन म्हणायचे, एकट्या बायकांच्या इमारतीला पॅरिस. आता खिडक्यांच्या कठड्यांवर समुद्रपक्ष्यांची घरटी आहेत, आणि कोलाहल एवढा की गाइडचं ऐकू येत नाही. सगळ्यांना ते आवडलं. बाबा कंटाळले. बंद खाण त्यांनी पुष्कळ पाहिलीय. तेवढ्याच पैशांत एकच सहल करायची असेल तर मी पिरामिडेन आणि समोरची हिमनदी सांगेन. बाबा बारेन्ट्सबर्ग सांगतील.

किरकोळ बाकीचं. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात रात्र होत नाही, डोळ्यांवरची पट्टी न्या. पाच-सहा अंश तापमान ऐकून फसू नका, बोटीवरचा वारा हाडांत शिरतो. वाऱ्याला अडवणारं जाकीट, कानटोपी आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या हव्यात. दवाखाना लहान आहे, मोठं काही झालं तर ट्रोम्सोला उडवत नेतात, म्हणून विम्यात आजाऱ्याला हलवण्याचा खर्च धरला आहे का ते पाहून घ्या. 'इथे मरायला बंदी आहे' हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. तसा कायदा नाही.

परतीला ऑस्लोत पुन्हा पासपोर्टची रांग. खिडकीतल्या तरुणाने व्हिसावरच्या प्रवेशांचा रकाना बोटाने तपासला (बघा, सांगितलं होतं ना) आणि बाबांना विचारलं, स्वालबार्डला कशासाठी गेला होता? बाबांनी छाती काढून सांगितलं, "आय ॲम मायनर." त्याने पासपोर्टवरची जन्मतारीख पाहिली, बाबांच्या पांढऱ्या मिशा पाहिल्या, आणि पुन्हा जन्मतारीख पाहिली. मी मध्ये पडून कोळसा, खाण, चंद्रपूर असं सगळं सांगेपर्यंत मागची रांग हसायला लागली होती. शिक्का मिळाला. बाबांना विनोद विमानात बसल्यावर कळला.